उंचगुरूंचा झगा

जुन्या सूतगोदामाच्या दारात सकाळी साडेसहालाच मुंगी शिरायला जागा नव्हती. पैसे भरून उंची वाढवून घ्यायला आलेली माणसं टाचा उंचावून, एकमेकांच्या खांद्यांवरून आत डोकावत होती. आत भिंतीला एक लाकडी मापफळी उभी केली होती, तिच्यावर वरखाली सरकणारी पितळी पट्टी, आणि पट्टीखाली अनवाणी उभा होता बँकेतला कॅशियर. वय वर्षं सेहेचाळीस.

"काल संध्याकाळी किती भरला होतात?" उंचगुरूंनी विचारलं.

"एकशे सदुसष्ट!"

पट्टी टपकन त्याच्या डोक्यावर टेकली. कॅशियर हळूच खालून बाजूला झाला, वळला, आकडा वाचला आणि त्याचा आवाजच फाटला. "एकशे साडेअडुसष्ट!"

गोदाम टाळ्यांनी दणाणलं. एका रात्रीत दीड सेंटिमीटर! कॅशियरच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याच्या खिडकीशी येऊन गिऱ्हाइकं वीस वर्षं "आत कुणी आहे का?" असं विचारत आली, तो माणूस रडणारच की हो.

"हाडं मरत नाहीत, मुलांनो, हाडं झोपतात!" उंचगुरूंनी दोन्ही हात छताकडे नेले. गुरू स्वतः चांगलेच उंच, चाळिसाव्या वर्षी दहा सेंटिमीटर वाढलो म्हणून सांगणारे, आणि पायघोळ झग्यात आणखीच उंच दिसणारे. "विसाव्या वर्षी जग तुमच्या हाडांना सांगतं, आता पुरे. आणि ती बिचारी आज्ञाधारक हाडं झोपी जातात. मी काय करतो? मी फक्त त्यांना हाक मारतो. ऊठ! वर ये! आकाश वाट बघतंय!"

"आकाशाला दुसरं काम नाही वाटतं," मागे खांबाला टेकलेली एक बाई पुटपुटली.

ही टेपकाकू. कपडे शिवायचा धंदा. गळ्यातली टेप ती जेवतानाही काढत नसे, म्हणून गल्लीने तिचं हे नाव पाडलं होतं आणि तिनेही ते आपलंसं करून टाकलं होतं. गुरूंना ती पाठीमागे 'बांबू' म्हणायची. पण आज ती गंमत बघायला आली नव्हती. गोदामात ओळीने मांडलेल्या बारा तिरप्या फळ्यांपैकी तिसऱ्या फळीवर, घोटे चामडी पट्ट्याने बांधून, डोकं उताराला करून तिचा एकुलता एक मुलगा रात्रभर पडला होता. वय सव्वीस.

त्याला सगळे छोट्या म्हणत. काकूही म्हणे.

छोट्याला अग्निशमन दलात जायचं होतं. लहानपणी शेजारची इमारत पेटली तेव्हा शिडीवरून वर जाणारी माणसं त्याने पाहिली होती, आणि तेव्हापासून दुसरं काही त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. भरतीची अट होती एकशे पासष्ट सेंटिमीटर. गेल्या वर्षी तो पहाटे तीनला उठून चालत मैदानावर गेला, सोळाशे मीटर असे धावला की घड्याळवाला साहेब म्हणाला, "अरे, तू माणूस आहेस की हरीण?" मग चार तास उन्हात रांगेत उभा राहिला आणि मापाच्या फळीवर भरला एकशे चौसष्ट पूर्णांक दोन. आठ मिलिमीटर कमी.  वयाच्या अटीत आता फक्त दोन संधी उरल्या होत्या, यंदाची आणि पुढच्या वर्षाची.

आणि अशा पोराच्या वाटेत हा बांबू येऊन उभा राहिला!

फळीशेजारी नियमांचा तक्ता टांगला होता. पहिला नियम, बसू नये, बसल्याने उंची दबते. दुसरा, धावू नये, धावल्याने उंची झिजते. तिसरा, चाळीस दिवस अन्यत्र कुठेही माप घेऊ नये, कोवळ्या उंचीला दृष्ट लागते. चौथा, शंका घेऊ नये, शंकेने उंची आकसते. आणि शेवटचा, मापापूर्वी पादत्राणे काढावीत.

दुसरा नियम काकूने परत एकदा वाचला. छोट्या बारा दिवस धावला नव्हता.

*

चार दिवसांनी कॅशियर दुकानात आला तो छाती काढूनच.

"काकू, या चारही पँटींची दुमड सोडा. दोन दोन सेंटिमीटर."

"का हो? आटल्या?"

"पँटी कशाला आटतील? मी वाढलो!"

काकूने मापाची वही काढली. गेल्या बावीस वर्षांत ज्याने ज्याने तिच्याकडे कपडा टाकला, त्याचं पोट, पाठ, पाय सगळं त्या वह्यांत होतं. कुणाचं पोट कधी सुटलं आणि कुणाची कंबर कुणाच्या जाण्याने वाळली, हे ती वही बघून सांगू शकली असती. तिने खाली बसून कॅशियरच्या पायाला आतून टेप लावली. तीन वर्षांपूर्वीचं माप आणि आजचं माप, केसाचाही फरक नाही.

"पाय आहेत तेवढेच आहेत."

"काकू, शंका नको! शंकेने आकसतं."

"तुमचे पाय वाढले नाहीत, तर पँट लांब करून घालणार कुठे? डोक्यात?"

"तुम्ही सोडा हो."

गिऱ्हाइकाने मागितलं ते द्यायचं. काकूने दुमड सोडली. दुसऱ्या दिवशी कॅशियर हनुवटीला पट्टी लावून हजर. बँकेच्या जिन्यात स्वतःच्याच पँटीवर पाय पडला होता.

"बघा," काकू म्हणाली.

"चूक माझी होती," कॅशियर पडेल आवाजात म्हणाला. "तुम्ही माप घेतलंत तेव्हा क्षणभर माझ्या मनात शंका आली होती. तेवढ्यात आकसलो."

काकूने कपाळावर हात मारला. ज्या बोलण्यात बाबाचं कधी चुकतच नाही, त्या बोलण्यापुढे टेपने करायचं तरी काय? वाढलास तर गुरूंची कृपा, नाही वाढलास तर तुझीच शंका. छापा पडला तरी गुरू, काटा पडला तरी गुरू!

*

मग एके सकाळी बांबूचंच बोलावणं आलं. गोदामातल्या चाळिसाव्या दिवसाच्या मोठ्या जाहीर मोजणीसाठी त्यांना नवा पांढरा झगा हवा होता, थेट जमिनीला टेकणारा.

"घ्या माप," गुरू म्हणाले. आठ वाजले होते.

"आत्ता नाही घेता यायचं," काकू सवयीने बोलून गेली. "जमिनीला टेकणाऱ्या कपड्याचं माप मी दुपारच्या आत घेत नाही. आमच्या सासऱ्यांचा दंडक. वकिलांचे लांब झगे शिवायचे ते. सकाळी माप घेतलं की झगा संध्याकाळी जमीन झाडतो, म्हणायचे."

तिने हे अगदी सहज सांगितलं. पण बांबूचा चेहरा असा काही उतरला, जणू कुणी त्याच्या खिशात हात घातला होता.

"असं? सासरे... हयात आहेत का?"

"नाही. गेले."

"अरेरे," गुरू म्हणाले, आणि त्यांना बरंच हायसं वाटलेलं दिसलं. "मग संध्याकाळी या. संध्याकाळीच या."

संध्याकाळी ती गेली. "पादत्राणं काढा," म्हणाली. गुरू म्हणाले, "ती असू देत. त्यांच्यासकट माप घ्या." काकू गुडघ्यांवर बसली, जुन्या झग्याची कड टाचणीने वर उचलली आणि बघतच राहिली. बुटांना चार बोटं जाड बुचाचा तळ होता, आणि आत टाचेखाली आणखी एक उंचवटा. तिने मुकाट्याने माप घेतलं आणि लिहून ठेवलं. खोटे खांदे, लपवलेलं पोट, झाकलेलं टक्कल, गिऱ्हाइकाचं असलं सगळं शिंप्याच्या पोटात राहतं. धंद्याची रीत आहे ती, आणि टेपकाकूने ती कधी मोडली नव्हती.

बुटांचं तिला फारसं काही वाटलंही नाही. ती घरी येईपर्यंत विचार करत होती तो दुसऱ्याच गोष्टीचा. सासऱ्यांच्या दंडकाने हा बाबा एवढा दचकला का?

बावीस वर्षं ती तो दंडक पाळत आली होती, पण त्याचं कारण तिने कधी विचारलंच नव्हतं. सासरे म्हणाले, म्हणून तसं. स्वतःचीच तिला जराशी लाज वाटली. कॅशियरला हसतो आपण, आणि आपण तरी काय वेगळं केलं?

*

कारण शोधायला तिला माणूस मिळाला तो रात्रपाळीचा पहारेकरी. रात्रभर कारखान्याच्या फाटकावर उभं राहायचं आणि दिवसा झोपायचं, हा त्याचा क्रम. सकाळी गणवेशाचं बटण लावून घ्यायला तो आला, तेव्हा काकूने त्याला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर पुस्तक सपाट धरलं आणि खडूने रेघ मारली.

"आता या कापायच्या टेबलावर झोपा."

"इथे? काकू, घरी बायको वाट बघतेय."

"तिला मी सांगते. तुम्ही घोरा."

पहारेकऱ्याला झोपेचं आमंत्रण दोनदा द्यावं लागत नव्हतं. कापडाच्या चिंध्या उशाला घेऊन तो दुपारपर्यंत असा घोरला की शिलाई मशीनचा आवाज ऐकू येईना. उठल्या उठल्या काकूने त्याला परत चौकटीला उभं केलं आणि दुसरी रेघ मारली. रेघ पहिलीच्या वर गेली होती. चांगली सव्वा सेंटिमीटर.

"बाई गं!" काकू ओरडली. "वाढलात की हो!"

"मी? मी तर काहीच केलं नाही."

"तेच तर!"

ना गुरू, ना तिरपी फळी, ना आकाशाची हाक. इतरांची उंची सकाळी वाढत होती, याची दुपारी वाढली होती. म्हणजे प्रश्न सकाळचा नव्हताच. प्रश्न आडवं पडण्याचा होता.

पांढऱ्या कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला हाडांची डॉक्टरीण आली, तेव्हा काकूने बाहीला हात लावायच्या आधी तिला चौकटीवरच्या दोन रेघा दाखवल्या. डॉक्टरीण पोट धरून हसली.

"काकू, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात, तुम्ही टेबलावर शोधून काढलंत! पाठीच्या मणक्यांमध्ये तेवीस चकत्या असतात, मऊ, पाणी धरणाऱ्या. दिवसभर उभं राहिलं, बसलं की अंगाच्या भाराने त्या दबतात, त्यांतलं थोडं पाणी बाहेर जातं. आडवं पडलं की परत भरतात. माणूस रोज सकाळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो आणि रोज संध्याकाळी परत मूळपदावर. तुम्ही, मी, सगळेच."

"बांबूसुद्धा?"

"बांबूसुद्धा. उठल्यावर पहिल्या तास-दोन तासांतच बरीचशी उंची उतरते. म्हणून तर तो उठल्या उठल्या माप घेतो, आणि दुसरीकडे मोजू नका म्हणतो."

"आणि हाडं? ती खरंच वाढत नाहीत?"

"लहानपणी हाडांच्या टोकांशी कोवळ्या कुर्चेचा थर असतो. वाढ तिथे होते. विशीच्या आसपास तो थर हाड होऊन जातो. त्यानंतर लटका, ताणा, काढे प्या, ते हाड लांब होत नाही."

"म्हणजे दुमडीत कापडच उरलेलं नाही," काकू म्हणाली. "मग सोडणार काय?"

"अगदी बरोबर. पण एक सांगते, जाहीर मोजणी झाली की तो म्हणे फळीवरच्या लोकांच्या गळ्याला पट्टा लावून विटा टांगणार आहे. तसं केलं तर उंची नाही वाढणार, मान मात्र कायमची जाईल. तुमच्या मुलाला आवरा."

*

मुलाला आवरणं, हे पहारेकऱ्याला झोपवण्याइतकं सोपं नव्हतं.

"मला ऐकायचंच नाही," छोट्या म्हणाला. तो उभ्यानेच जेवत होता, कारण बसायची बंदी होती. "तिथल्या फळीवर माझं माप एकशे पासष्ट पूर्णांक सहा आलं. सगळ्यांसमोर. तुझी टेपच चुकत असेल."

बावीस वर्षांत हे तिला कुणी म्हणालं नव्हतं. काकूने घास खाली ठेवला.

"टेप चुकत नाही रे. आणि तू तीन आठवडे धावला नाहीस. नऊ दिवसांवर भरती आली."

"आधी उंची, मग धावणं. गुरू म्हणाले, धावणं अंगातच असतं."

"हो, आणि अक्कल गोदामात!"

"तू मला छोट्याच ठेवणार!" तो एकदम ओरडला. "जन्मल्यापासून छोट्या, छोट्या! शाळेत छोट्या, गल्लीत छोट्या. तूच लावलंस ना ते? आता जरा मोठा होतोय, तर तुला बघवत नाही."

 नाव लाडाने ठेवलं होतं. पण पोराला ते सव्वीस वर्षं टोचत होतं, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि तिला फार वाईट वाटलं. ती उठली, झग्याचं कापड पुढे ओढलं आणि कात्री चालवायला लागली. बोलून हा ऐकणार नव्हता. याला त्याच्याच फळीवर दाखवायला हवं होतं.

*

जाहीर मोजणीच्या रविवारी गोदाम खच्चून भरलं. काकू झगा घेऊन पहाटेच पोचली. झगा असा बसला की गुरू स्वतःकडे बघून खूश झाले. बुटांसकट माप, जमिनीला अलगद टेकलेली कड, एक सुरकुती नाही.

फळ्यांवरची माणसं उठली. मोजणी झाली. कॅशियर, अधिक दीड! छोट्या, अधिक एक पूर्णांक चार! टाळ्यांवर टाळ्या पडल्या. लोक निघणार, तोच काकूने हात जोडले.

"गुरुजी, झगा एवढा शोभतोय, दोन शब्द बोला ना. हाडांबद्दल. मला परत ऐकायचंय."

बोला म्हटल्यावर न बोलणारा बाबा अजून जन्मायचा आहे. गुरू सुरू झाले. हाडांची झोप झाली, आकाशाची हाक झाली, धरतीचा मत्सर झाला. ताडाचं झाड कधी खुर्चीवर बसलेलं पाहिलंय का, असा सवाल झाला. लोक उभेच होते, कारण पहिला नियमच होता, बसू नये. अर्धा तास झाला, की काकू विचारी, "आणि मणक्यांचं काय, गुरुजी?" की पुढचा अर्धा तास. डॉक्टरीण भिंतीपाशी उभी राहून घड्याळ बघत होती. पावणेदोन तास झाले तेव्हा गुरूंच्या घशाला कोरड पडली.

"वाहवा!" काकू म्हणाली. "आता एकच विनंती. ही सगळी मंडळी तुमच्या समोर, तुमच्या छायेत, उभीच होती. कुणी बसलं नाही, कुणी धावलं नाही, बाहेर कुणी मोजलं नाही. याच फळीवर, याच पट्टीने, परत एकदा मोजू या?"

"एका दिवसात दोनदा मोजणं वर्ज्य आहे," गुरू झटकन म्हणाले.

"तक्त्यावर तसं लिहिलेलं नाही हो," पहिल्या रांगेतून पहारेकरी म्हणाला. रात्रपाळी करून तो मुद्दाम थांबला होता.

लोक तक्ता वाचायला लागले. खरंच लिहिलेलं नव्हतं. कॅशियर मोठ्या विश्वासाने पुढे झाला, फळीला पाठ लावली, पट्टी टेकली. वळून आकडा वाचला, आणि वाचतच राहिला.

"एकशे सदुसष्ट पूर्णांक सहा."

"काय?"

"सकाळी साडेअडुसष्ट होतो," तो म्हणाला. "नऊ मिलिमीटर कुठे गेले?"

"शंका!" गुरू कडाडले. "या गोदामात कुणीतरी शंका घेतली आहे!"

"मी घेतली," काकू म्हणाली. "चांगली महिनाभर घेतेय. पण शंका मी घ्यायची आणि आकसायचं यांनी, हा कुठला न्याय? आकसायला हवं होतं मी!"

हशा पिकला. मग सगळेच फळीकडे सरकले. दुसरा कमी भरला, तिसरी कमी भरली. डॉक्टरिणीने पुढे येऊन चकत्यांची गोष्ट चार वाक्यांत सांगितली, आणि पहारेकऱ्याने आपण टेबलावर झोपून सव्वा सेंटिमीटर कसे वाढलो ते रंगवून सांगितलं. "फी काही नाही," तो म्हणाला, "फक्त चिंध्यांची उशी जरा टोचते."

शेवटी छोट्या फळीवर चढला. तो कुणाकडेही बघत नव्हता. पट्टी टेकली. आकडा काकूनेच वाचला, पण मोठ्याने नाही. एकशे चौसष्ट पूर्णांक सात. त्याने तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं, आणि मान खाली घातली.

तेव्हा कॅशियरला काय वाटलं कोण जाणे. कदाचित जिन्यातली हनुवटी आठवली असेल. तो तक्त्यापाशी गेला आणि शेवटच्या नियमावर बोट ठेवलं.

"गुरुजी, तुम्ही चाळिसाव्या वर्षी दहा सेंटिमीटर वाढलात म्हणालात. एकदा तुम्हीही उभे राहा. पादत्राणे काढून."

काकू छताकडे बघत राहिली. तिने काही सांगितलं नव्हतं, हे लक्षात घ्या.

"माझी उंची मोजण्यापलीकडची आहे," गुरू म्हणाले.

"काढा! काढा!" गोदाम ओरडायला लागलं. मागची माणसं पुढे रेटली, गुरू मागे सरकले, सरकता सरकता एक बूट निसटला, आणि गुरू एका बाजूने दहा सेंटिमीटर खाली गेले. दुसऱ्या पायावर तोल सावरेना, म्हणून तोही बूट सोडला. मग तो सुंदर पांढरा झगा, बुटांसकट अचूक मापाचा, त्यांच्या पायांभोवती घोळ होऊन पडला. गुरूंनी पळायला पाऊल उचललं, ते झग्याच्याच कडेवर पडलं, आणि हाडांना जागं करणारा तो महापुरुष धाडकन आडवा झाला.

"पडू द्या पडू द्या," पहारेकरी म्हणाला. "आडवं पडलं की वाढतात."

त्यानंतर जे हसू फुटलं त्यात बांबूचं सगळं आकाश वाहून गेलं. उठवायला हात दिला तो काकूनेच. "माप बरोबर होतं हो," ती त्याला हळूच म्हणाली, "माणूस तेवढा कमी भरला."

*

घरी जाताना छोट्या काकूच्या बरोबरीने चालायला लागला. मग म्हणाला, "आई, तुझी टेप बरोबर होती."

"टेपचं जाऊ दे. ते नाव... मी नाही म्हणणार आता."

"म्हण गं," तो म्हणाला. "तू म्हण. बाकीच्यांचं बघतो मी."

त्या दिवसापासून तो धावायला लागला. तीन आठवडे पडून राहिलेले पाय लाकडासारखे झाले होते, पण तो धावला. उंचीचं काम मात्र डॉक्टरिणीने चुटकीसरशी सोडवलं. "मोजणी सकाळी आठला सुरू होते ना? पहिला नंबर लाव, आणि हाक येईपर्यंत आडवा राहा. सकाळची उंची ही तुझीच उंची आहे, कुणाची चोरलेली नाही."

भरतीच्या दिवशी गादीवाल्याच्या हातगाडीवर, दोन गाद्यांवर आडवा पडून, छोट्या गावभर मिरवत मैदानावर गेला. काकू पुढे, पहारेकरी गाडी ढकलतोय. वाटेत एकाने टोपी काढली. "काय झालं होतं हो?" त्याने हळहळून विचारलं.

"काही नाही, भरतीला चाललोय," गाडीवरून उत्तर आलं, आणि तो माणूस दोन पावलं मागे सरला.

नंबर पुकारला. छोट्या उठला, चार ढांगांत फळीवर उभा राहिला. एकशे पासष्ट पूर्णांक तीन. पास. काकूने तोंडावर पदर दाबला.

मग धावणं. सोळाशे मीटर, साडेसहा मिनिटांच्या आत. गेल्या वर्षी त्याने ते सहाच्या आत केलं होतं. तिसऱ्या फेरीपर्यंत तो पुढे होता. चौथ्या फेरीत पाय जड झाले. काकू कुंपणाशी उभी राहून ओरडत होती, पहारेकरी ओरडत होता, आणि छोट्या दात खाऊन धावत होता. रेघ ओलांडली तेव्हा साहेबाने घड्याळ दाबलं.

सहा मिनिटं तेहेतीस सेकंद.

"तीन सेकंदांनी गेलं," साहेब म्हणाला. त्याने छोट्याला ओळखलं. "अरे, तूच ना तो गेल्या वर्षीचा? काय झालं तुझ्या पायांना?"

छोट्या वाकून बुटाचे बंद सोडायला लागला. सांगणार काय? गेल्या वर्षी पाय होते आणि उंची कमी पडली. यंदा उंची भरली, तर पाय गोदामात ठेवून आला होता. आणि जी उंची मिळवायला तो तीन आठवडे फळीवर बांधून पडला, ती रोज सकाळी त्याच्या स्वतःच्या अंथरुणात, फुकट, त्याच्या अंगात होती. फळीवर चढण्याआधी हे कुणी एकानेही त्याला सांगितलं नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्याने ती त्यालाच विकली.

काकू त्या दिवशी रडली. उघड रडली, लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दार करकरलं. छोट्या बूट बांधून बाहेर निघाला होता. "एक वर्ष आहे अजून," तो म्हणाला. काकूने गळ्यातली टेप नीट केली, भिंतीवरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि त्याच्या मागोमाग रस्त्यावर आली. कोपऱ्यावरच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंतचं अंतर तिने कालच टेपने मोजून ठेवलं होतं.

तर मंडळी, मोठेपणी हाडं वाढत नाहीत. वाढवून देतो म्हणणारे मात्र वाढतच जाणार. आज उंचीचा आला, उद्या आणखी कशाचा येईल. त्याचा झगा बघू नका, शब्द ऐकू नका. मोजा. सकाळी मोजा, संध्याकाळी मोजा, शेजाऱ्याकडून मोजून घ्या. आणि जो म्हणेल की मोजू नका, त्याच्यासमोर क्षणभरही उभे राहू नका. चपला घाला आणि सरळ घरी या. तुमचे पाय तुम्हाला लागणार आहेत.